गटाने केलेला व्यायाम: उपचार की वेळ घालवणे?

कळव्याच्या एका ताईंचा प्रश्न असा आहे. त्यांचा धाकटा भाऊ 32 वर्षांचा असून सात वर्षांपासून स्किझोफ्रेनियावर उपचार घेत आहे. रात्री ओलान्झापिनची गोळी चालू आहे. कानात येणारे आवाज दोन वर्षांपूर्वी थांबले, संशयही उरलेला नाही, पण दिवसाचा बहुतेक वेळ तो पलंगावर पडून असतो, सांगितल्याशिवाय आंघोळ करीत नाही आणि त्याचे वजन 62 किलोंवरून 91 किलोंवर गेले आहे. डॉक्टरांनी त्याला आठवड्यातून तीन दिवस ठाण्यातील एका डे केअर केंद्रात गटाने होणाऱ्या व्यायामाला पाठवण्यास सांगितले आहे. ताई विचारतात की हा खरोखर उपचार आहे की वेळ घालवण्याचे साधन, त्यापेक्षा घरी ट्रेडमिल घेतली तर चालणार नाही का, व्यायाम सुरू झाला की गोळ्या कमी होतील का, आणि त्याची इच्छाच नसेल तर त्याला ओढून न्यावे का.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे आजारी व्यक्तींना रोजची कामे पुन्हा जमावीत यासाठी मदत करणारा, आहे आणि गेली अठरा वर्षे ठाण्यात मानसिक आजार असलेल्या व्यक्तींचे व्यायामाचे गट चालवत आहे, त्यामुळे माझे उत्तर या कामाच्या बाजूने झुकलेले असण्याची शक्यता वाचकांनी गृहीत धरावी. हा उपचार आहे, मात्र तो औषधांच्या जोडीने चालणारा उपचार आहे, आणि औषधाला जशी मात्रा, वेळ, देणारी व्यक्ती आणि दुष्परिणाम असतात तसे सर्व काही त्यालाही आहे. त्यातले काही सांभाळले गेले नाही, तर तो वेळ घालवण्याचे साधन होतो हे खरे आहे, आणि तसे चालणारे वर्ग मी पाहिलेले आहेत.

आधी पडून राहण्याविषयी लिहितो, कारण बाकीचे सर्व त्यावर अवलंबून आहे. स्किझोफ्रेनियाची भास, भ्रम आणि संशय ही लक्षणे घरच्यांना घाबरवतात आणि औषधांनी बहुधा तीच आधी आटोक्यात येतात. दुसऱ्या बाजूची लक्षणे गाजावाजा करीत नाहीत. कशाची इच्छा न होणे, बोलणे आटणे, चेहऱ्यावर काही न उमटणे, सुरू केलेले काम हातातून सुटणे, हे सारे आजाराचेच भाग आहेत, पण घरात त्यांना आळस म्हटले जाते आणि त्यावर औषधांचा परिणाम फार थोडा होतो. त्यात ओलान्झापिनसारख्या औषधाने झोप आणि भूक दोन्ही वाढतात. अशा माणसाला ‘रोज सकाळी उठून जरा चालून ये’ असे सांगणे म्हणजे आजाराने जी गोष्ट काढून घेतली आहे नेमकी तीच त्याच्याकडे मागणे होय. उठण्यासाठी लागणारी उभारी त्याच्या आतून येत नाही, म्हणून ती काही काळ बाहेरून उसनी द्यावी लागते, आणि गटाचे पहिले काम हे उसने देणे आहे. ठरलेला वार, ठरलेली वेळ, हजेरीपटावर आपले नाव आणि आपण न आल्यास ‘आज का आला नाहीत’ असे विचारणारा फोन, एवढ्या साध्या गोष्टींनी तो माणूस दाराबाहेर पडतो.

नुसता सल्ला आणि प्रत्यक्ष करून घेतलेला व्यायाम यांतला फरक संशोधनातही दिसतो. इंग्लंडमध्ये नैराश्याच्या 361 रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर हालचाल वाढवण्यासाठी समुपदेशन आणि प्रोत्साहन देण्यात आले. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात त्यांची हालचाल वाढली, पण नैराश्य मात्र इतरांपेक्षा अधिक कमी झाले नाही. याउलट अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात 50 वर्षांवरील 156 नैराश्यग्रस्तांवर झालेल्या, 1999 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात देखरेखीखाली आठवड्यातून तीनदा गटाने चालणे किंवा धावणे, सर्ट्रालिन हे औषध आणि दोन्ही एकत्र, असे तीन गट केले होते. सोळा आठवड्यांनी तिन्ही गटांत साधारण सारखीच सुधारणा होती, फक्त औषधाचा परिणाम लवकर दिसू लागला. ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत 2022 पासून सौम्य नैराश्यासाठी गटव्यायाम हा एक अधिकृत पर्याय आहे, आणि त्याचे वर्णन सुमारे आठ जणांचा गट, आठवड्यातून एकाहून अधिक सत्रे, दहा आठवडे, असे केलेले आहे.

तुमच्या भावाचा आजार मात्र नैराश्य नाही, त्यामुळे वरचे आकडे त्याला जसेच्या तसे लावू नयेत. स्किझोफ्रेनियाविषयी सांगायचे तर मँचेस्टरच्या संशोधकांनी 2015 साली तोवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, आणि आठवड्याला सुमारे 90 मिनिटे मध्यम ते जोरकस व्यायाम झाला तर मानसिक लक्षणांत स्पष्ट घट होते असे त्यात दिसले. त्याच आढाव्यात दमसास वाढला, पण उंचीच्या मानाने वजनात लक्षणीय फरक पडला नाही. ही बाब मी प्रत्येक कुटुंबाला पहिल्याच भेटीत सांगतो, कारण वजनकाट्याकडे पाहून व्यायाम सोडून देणारी माणसे मी बरीच पाहिली आहेत. ओलान्झापिनने चढलेले 29 किलो तीन महिन्यांच्या व्यायामाने उतरतील अशी अपेक्षा ठेवू नका; त्यासाठी आहार आणि डॉक्टरांशी औषधाविषयी बोलणे या वेगळ्या गोष्टी कराव्या लागतील. हृदय आणि रक्तवाहिन्या यांना मात्र वजन तेवढेच राहूनही फायदा होतो, आणि तो क्षुल्लक नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे गंभीर मानसिक आजार असलेल्या व्यक्ती इतरांपेक्षा 10 ते 20 वर्षे आधी दगावतात, आणि त्यामागे बहुतांशी टाळता येण्याजोगे शारीरिक आजार असतात.

मेंदूविषयीची एक बातमी तुम्ही कधीतरी वाचली असेल. जर्मनीत स्किझोफ्रेनियाच्या काही पुरुषांना तीन महिने सायकल चालवायला लावली आणि त्यांच्या मेंदूतील स्मृतीशी संबंधित हिप्पोकॅम्पस हा भाग सुमारे 12 टक्क्यांनी वाढला, असे 2010 साली प्रसिद्ध झाले. बातमी खोटी नव्हती, पण सायकल चालवणारे रुग्ण होते अवघे आठ (तुलनेसाठीचे दुसरे आठ जण टेबल फुटबॉल खेळत होते), आणि नंतरच्या अभ्यासांत इतका ठळक परिणाम सातत्याने आढळला नाही. मी तो आकडा कोणालाही आशा दाखवण्यासाठी वापरत नाही.

योगासनांविषयी नेहमी विचारले जाते, म्हणून तेही सांगतो. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत औषधे चालू असलेल्या 61 रुग्णांपैकी काहींना योग आणि काहींना साधा शारीरिक व्यायाम शिकवण्यात आला होता; 2007 सालच्या त्या अहवालात चार महिन्यांनी इच्छा आणि मिसळणे यांबाबत योगगट पुढे होता. आमच्या गटात आसने असतात. दीर्घकाळ डोळे मिटून बसवणे मात्र मी टाळतो, कारण ज्याला कधी आवाज ऐकू येत होते त्याला शांत खोलीत मिटल्या डोळ्यांनी एकटे पडल्यासारखे होते.

आता ट्रेडमिल. नैराश्याच्या रुग्णांत घरी केलेला व्यायाम अगदीच वाया जात नाही. ड्यूकच्याच 2007 सालच्या अभ्यासात देखरेखीखाली गटाने व्यायाम करणाऱ्यांपैकी 45 टक्के, तर घरी करणाऱ्यांपैकी 40 टक्के नैराश्यातून बाहेर आले होते. पण ती माणसे स्वतःहून यंत्रावर चढू शकणारी होती. स्किझोफ्रेनियाच्या व्यायाम अभ्यासांतून सरासरी चारांतील एक जण मधेच गळतो, आणि शिकवणारा प्रशिक्षित असेल तिथे ही गळती कमी होते, असे दिसून आले आहे. तुमच्या घरात ट्रेडमिल आली तर ‘आज चढलास का’ हे विचारण्याचे काम तुमच्याकडे किंवा आईकडे येईल, आणि जेवण, आंघोळ, गोळी यांवरून आधीच जी ओढाताण चालू असेल तिच्यात चौथा विषय वाढेल. ते पैसे चांगल्या बुटांना आणि येण्याजाण्याच्या भाड्याला वापरावेत असे माझे मत आहे.

चांगला गट कसा ओळखावा हे तुम्ही विचारलेले नाही, पण विचारायला हवे होते. सर्वप्रथम वेळ पाहा. व्यायाम पहाटेच करायचा असतो ही आपल्याकडची पक्की समजूत आहे, आणि तिच्यापायी मी स्वतः पहिली दोन वर्षे वाया घालवली. सकाळी साडेसहाचा वर्ग ठेवायचो, बारांपैकी चार जण यायचे, आणि त्या चारांचे डोळे उघडत नसायचे. रात्रीच्या औषधाची गुंगी नऊ-दहापर्यंत उतरत नाही हे मला पुस्तकातून ठाऊक असूनही वेळापत्रक करताना सुचले नव्हते. आता आमचा गट साडेअकराला असतो. माणसे आठ ते दहा, त्याहून अधिक नाहीत, आणि त्यांच्यामागे आम्ही दोघे.

नंतर रचना पाहा. ओळीत उभे केले की शेवटच्या ओळीखेरीज प्रत्येकाच्या पाठीमागे कोणीतरी येते, आणि ज्याला एकेकाळी पाठलाग होत असल्याची खात्री होती त्याला हे सहन होत नाही. म्हणून आम्ही गोल करतो आणि नव्या माणसाला दाराजवळ, भिंतीला पाठ लागेल अशी जागा देतो. आरसे असलेला हॉल घेत नाही. कोणाची मान किंवा खांदा सरळ करायचा असेल तर विचारल्याशिवाय हात लावत नाही. मोठ्या आवाजातली गाणीही लावत नाही, त्याऐवजी अंक मोजतो, आणि मोजण्याची पाळी आळीपाळीने प्रत्येकावर येते. दिवसभरात चार शब्द न बोलणारा माणूस अशा वेळी एकपासून आठपर्यंत मोठ्याने मोजतो, आणि इतर नऊ जण त्याच्या आवाजावर हलतात. संभाषण सुरू करण्याचा याहून सोपा मार्ग मला अजून सापडलेला नाही.

लेझीमचे वेड मला यातूनच लागले. महाराष्ट्रातल्या शाळांत शिकलेल्या आमच्या गटातील बहुतेकांनी ती कधीतरी हातात धरलेली असते, आणि आजारामुळे कॉलेज, नोकरी, मित्र असे बरेच काही सुटले तरी ते हात शाळेतले हात (लेझीमचे प्रकार) विसरलेले नसतात. एक सदस्य सहा आठवडे केवळ कडेला उभे राहत असत. लेझीम निघाल्या त्या दिवशी त्यांनी काही न बोलता एक उचलली आणि शेजाऱ्याचा चुकलेला ठेका दुरुस्त करून दाखवला. लेझीममध्ये पाऊल, वाकणे, वळणे आणि हात एकाच मोजणीत बांधलेले असल्याने वीस मिनिटांत चांगलाच दम लागतो, आणि एकाने घाई केली तर सर्वांचा नाद बिघडत असल्यामुळे शेजाऱ्याकडे पाहावेच लागते. हे माझ्या अनुभवाचे बोल आहेत, प्रयोगाचा निष्कर्ष नव्हे. ज्यांना धातूच्या आवाजाचा त्रास होतो त्यांच्या हाती आम्ही नुसती लाकडी दांडी देतो.

स्पर्धा मात्र नको. एका वर्षी मी सर्वांत अधिक वजन उतरवणाऱ्याला बक्षीस जाहीर केले, आणि पुढच्या महिन्यात दोन जण यायचे बंद झाले. पावसाळ्यातली ठाण्याची मॅरेथॉन पाहून एखादा सदस्य आपणही धावावे म्हणतो, तेव्हा त्याला अडवत नाही, पण गटाचे उद्दिष्ट म्हणून ती भिंतीवर लावत नाही.

सत्र संपल्यावर पंधरा मिनिटे चहा असतो, आणि तोही सत्राचाच भाग धरावा. साखर कमी घालतो, त्याबद्दल तक्रारी येतात.

आता दुष्परिणामांविषयी, कारण गट चालवणाऱ्याला औषधांची माहिती नसेल तर भावाला तिथे पाठवू नये असे मी स्पष्टपणे सांगेन. मे महिन्यात एका मोकळ्या मैदानात जमिनीवरचे ताण झाल्यावर मी सर्वांना एकदम उभे राहायला सांगितले आणि एक सदस्य भोवळ येऊन पडले. त्यांच्या क्लोझापिनची (हेही स्किझोफ्रेनियावरील औषध) मात्रा चार दिवसांपूर्वी वाढवलेली होती. ती मी विचारली नव्हती, ही चूक माझी. अशा प्रकारच्या अनेक औषधांनी उभे राहताना रक्तदाब उतरतो, म्हणून तेव्हापासून दर सत्राच्या सुरुवातीला ‘या आठवड्यात गोळी बदलली का’ हा प्रश्न असतो आणि जमिनीवरून उठताना आधी बसून दहा अंक मोजायचे असा नियम आहे. थरथर थांबवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या ट्रायहेक्सिफेनिडिलसारख्या औषधांनी घाम कमी येतो, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या दमट उकाड्यात घाम न येणाऱ्या शरीराला उष्माघात व्हायला वेळ लागत नाही. त्या दिवसांत पंखे असलेला हॉल आणि दर पंधरा मिनिटांनी पाणी यांना पर्याय नाही. मनःस्थितीतील टोकाच्या चढउतारांवर दिले जाणारे लिथियम घेणाऱ्यांच्या शरीरातील पाणी कमी झाले तर रक्तातील लिथियम धोक्याच्या पातळीपर्यंत चढू शकते, आणि अंग दुखते म्हणून औषधाच्या दुकानातून आयबुप्रोफेनसारखी गोळी आणून घेतली तरीही तेच घडते. धडधड आणि थरथर कमी करणारे प्रोप्रॅनोलॉल चालू असेल तर नाडी मुळातच संथ राहते, म्हणून जोर किती लागला हे नाडीवरून न ठरवता बोलण्यावरून ठरवावे: वाक्य बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, ही मध्यम व्यायामाची खूण. क्लोझापिन नव्याने सुरू झाले असेल आणि पहिल्या काही आठवड्यांत छातीत दुखणे, धडधड किंवा ताप आला, तर व्यायाम बंद ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. आणि कोणाचे पाय सतत हलत असतील, एका जागी उभे राहवत नसेल, तर त्याला ‘भरपूर ताकद आहे’ म्हणून पळवू नये. तो बहुधा औषधाचा त्रास असतो आणि त्यावर इलाज आहे.

तुमच्या भावाने सुरुवात करण्यापूर्वी रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, रक्तातील चरबीची तपासणी, कमरेचा घेर आणि ईसीजी एवढे करून घ्यावे. 91 किलोंच्या गुडघ्यांना पहिल्या महिन्यात उड्या नकोत. चालणे, खुर्चीवरून उठणे-बसणे आणि हलक्या डंबेल्स पुरेशा आहेत. मनाची उत्तेजित अवस्था, झोप न लागणे किंवा आवाज पुन्हा सुरू होणे दिसले, तर त्या आठवड्यात गट नको, दवाखाना हवा.

गोळ्यांविषयी माझे उत्तर निःसंदिग्ध आहे. स्किझोफ्रेनियावरील वर सांगितलेले व्यायामाचे अभ्यास औषधे चालू असलेल्या व्यक्तींवर झालेले आहेत, त्यामुळे औषधाऐवजी व्यायाम असा अर्थ त्यातून काढता येत नाही. दोन-तीन महिन्यांनी भाऊ हलू-बोलू लागला की ‘आता बरा झाला’ म्हणून गोळी सोडण्याचा मोह घरातल्या कोणालातरी होतोच, आणि नेमका त्याच सुमारास आजार उलटतो. मात्रा कमी करायची की औषध बदलायचे हा निर्णय डॉक्टरांचा. व्यायामाच्या नोंदी त्यांना दाखवाव्यात, त्या उपयोगी पडतात.

त्याला ओढून न्यावे का? नेऊ नये. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचारांत रुग्णाच्या संमतीला स्थान दिले आहे. शिवाय ओढून आणलेला माणूस कोपऱ्यात उभा राहतो आणि पुढच्या वेळी दार लावून घेतो, हे मी कायद्याआधीपासून पाहत आलो आहे. नकाराचे कारण आधी शोधावे. कळव्याहून ठाणे लोकलने एकच स्टेशन आहे, पण आपल्याकडे चेष्टेत ‘याला ठाण्याला पाठवा’ म्हणतात, आणि इथल्या मनोरुग्णालयामुळे रूढ झालेले हे वाक्य ज्याने स्वतःबद्दल ऐकले असेल त्याला ‘चल, ठाण्याला जायचे आहे’ हे शब्द कसे लागत असतील याचा विचार करा. जागेचे नाव घेऊन बोला, तलावपाळीवरून चक्कर मारून येऊ म्हणा, आणि पहिल्या दिवशी केवळ पाहायला जायचे, व्यायाम करायचा नाही, असे कबूल करून तो शब्द पाळा. आमच्याकडे पहिली तीन सत्रे कोणीही नुसते बसून राहू शकते, आणि चहा त्यालाही मिळतो.

बारा आठवडे द्या. त्या काळात वजन महिन्यातून एकदाच पाहा, पण वहीत रोज दोन गोष्टी लिहा: आंघोळ सांगण्याआधी झाली की नंतर, आणि गटातल्या कोणाचे नाव त्याच्या तोंडी आले का. पहिले दोन आठवडे तुम्ही त्याच्याबरोबर जा, पण हॉलमध्ये न बसता बाहेरच्या बाकावर थांबा. तिसऱ्या आठवड्यात त्याला कळवा स्टेशनपर्यंत सोडा आणि तिकीट त्याला काढू द्या.